टन म्हणजे नक्की किती, आणि कशाचा?

शब्दवेडा

इंग्रजीतला हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो परका वाटतच नाही. उसाचा टन, दीड टनाचा एसी, पन्नास टनाचा प्रेस, चौदा टनी क्रेन. भाषांतर करताना मात्र तो अडवतो. अमेरिकी मजकुरातली तीन वाक्यं देतो:

१. वीजकेंद्राला रोज ५०० टन कोळसा लागतो.
२. दुकानाच्या छतावर ५ टनाचं युनिट बसवलं.
३. ४६,००० टनांचं जहाज धक्क्याला लागलं.

तिन्हीकडे 'टन' लिहून मोकळं होता येतं आणि वाचकही अडखळत नाही, पण हे तीन टन एक नाहीत एवढं मला कळतं. आणखी एक अडचण आहे. इंग्रजीत टी-ओ-एन आणि टी-ओ-डबल एन-ई अशी दोन स्पेलिंगं आहेत आणि जाणता वाचक त्यावरून काय ते समजतो. देवनागरीत दोन्ही 'टन'च होतात. म्हणजे मूळ मजकुरातली खूण आपल्या हातून पुसली जाते. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं: कुठला टन किती, आणि मराठीत लिहायचा कसा?

काटेकोर

आधी वजनाचे टन. हे तीन आहेत.

मेट्रिक टन: १,००० किलो. डबल एन-ईवाला तो हाच. भारतात व्यवहारात फक्त हाच चालतो.

ब्रिटिश किंवा लाँग टन: २,२४० पौंड, म्हणजे १,०१६ किलो. हा विचित्र आकडा येतो कुठून? १४ पौंडांचा एक स्टोन, ८ स्टोनचं एक हंड्रेडवेट (नावात शंभर, प्रत्यक्षात ११२ पौंड), आणि २० हंड्रेडवेटचा एक टन.

अमेरिकी किंवा शॉर्ट टन: २,००० पौंड, म्हणजे ९०७ किलो. अमेरिकेत हंड्रेडवेट खरोखरच १०० पौंडांचं धरतात, म्हणून टन लहान झाला.

लाँग आणि मेट्रिक यांत फरक दीड टक्क्याच्या आसपास आहे, त्यामुळे ढोबळ लिखाणात तो खपून जातो. शॉर्ट टन मात्र मेट्रिकपेक्षा ९ टक्क्यांहून जास्त लहान आहे. तुमच्या पहिल्या वाक्यातले ५०० टन हे बहुधा ४५४ मेट्रिक टन आहेत. 'बहुधा' अशासाठी की अमेरिकी लेखकानेही आंतरराष्ट्रीय आकडेवारी उचलली असेल तर ती मेट्रिक असू शकते. मूळ आकडा कुठला ते आधी बघा.

हडसनकाठ

अमेरिकेत साधं 'टन' म्हटलं की २,००० पौंडच. कोळसा, खडी, डांबर, कचरा सगळं त्यातच. मेट्रिक अभिप्रेत असेल तेव्हा इथले लोक मुद्दाम 'मेट्रिक टन' म्हणतात. विशेषण नसेल तर शॉर्ट समजायचं, हा नियम अमेरिकेतल्या अंतर्गत व्यवहारापुरता चांगला चालतो.

सोयाबीन_लातूर

इथे खरंच पैशांचा प्रश्न येतो. शिकागोच्या बाजारात सोयापेंडीचा भाव डॉलर प्रति शॉर्ट टन असतो. एक सौदा १०० शॉर्ट टनांचा. आपल्याकडचा पेंडीचा भाव मेट्रिक टनावर. तुलना करताना शिकागोच्या भावाला १.१०२ ने गुणायचं. ३०० डॉलरचा भाव दिसला तर मेट्रिक टनाला तो ३३०.७ डॉलर झाला. हे न करता थेट रुपयांत बदलून 'अमेरिकेची पेंड किती स्वस्त' असे निष्कर्ष समाजमाध्यमांवर फिरत असतात आणि शेतकरी ते वाचून घाबरतो.

सोयाबीनचा भाव तर टनात नसतोच. तो सेंट प्रति बुशेल, आणि सोयाबीनचं बुशेल ६० पौंडांचं, म्हणजे २७.२ किलो. एका मेट्रिक टनात ३६.७४ बुशेल. पेंडीचा गुणक दाण्याला लावू नका.

गारवा

दुसऱ्या वाक्यातल्या टनाचा वजनाशी संबंध फक्त इतिहासापुरता. कृत्रिम थंडी येण्याआधी थंडी म्हणजे बर्फ. यंत्रं आली तेव्हा गिऱ्हाइकाचा प्रश्न सरळ होता: हे यंत्र दिवसाला किती बर्फाचं काम करील? त्यातून व्याख्या झाली: एक शॉर्ट टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढी उष्णता काढून टाकणारं यंत्र एक टनाचं.

हिशेब असा: एक पौंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू उष्णता लागते. २,००० × १४४ = २,८८,००० बीटीयू. भागिले २४ = तासाला १२,००० बीटीयू. हेच ३.५१७ किलोवॅट. म्हणून दीड टन म्हणजे १८,००० बीटीयू, साधारण ५.३ किलोवॅट. तुमचं ५ टनाचं युनिट ६०,००० बीटीयूचं, म्हणजे १७.६ किलोवॅटचं.

नेमकं इथेच मोठी गफलत होते. एसीच्या स्टिकरवर कूलिंग कपॅसिटी ५,००० वॉट वाचून लोक वायरमनला विचारतात, 'हा पाच किलोवॅट वीज खातो का?' नाही. तो पाच किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. त्यासाठी लागणारी वीज पूर्ण भारावर दीड किलोवॅटच्या आसपास. उष्णता हलवायची असते, निर्माण करायची नसते, म्हणून कमी विजेत भागतं. मराठीत लिहिताना 'दीड टन शीतनक्षमता' असं एकदा लिहिलं की वाचकाच्या डोक्यात वजन येत नाही.

चंद्रपूरचं_ऊन

गारवा, मग इकडे मे महिन्यात दीड टनाचा एसी दीड टनाचं काम का करत नाही? आणि 'इतक्या स्क्वेअर फुटाला इतके टन' हा हिशेब खरा मानायचा का?

गारवा

टनेज ठरवताना बाहेर ३५ आणि आत २७ अंश तापमान धरलेलं असतं. तुमच्याकडे बाहेर ४५ असतं. बाहेरच्या युनिटला आपली उष्णता ४५ अंशांच्या हवेत टाकायची म्हणजे कॉम्प्रेसरला जास्त दाब चढवावा लागतो. त्यामुळे थंडी कमी मिळते आणि वीज जास्त जाते. स्टिकर खोटा नसतो, तो ३५ अंशांचा असतो. विदर्भात घेताना उत्पादकाच्या तक्त्यात ४६ किंवा ४८ अंशांना किती क्षमता उरते तो आकडा मागा. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या पेटीत कोंडलेलं असेल तर त्याच्या भोवतीची हवा ४५ च्याही वर जाते, तेव्हा आधी ती पेटी काढा.

स्क्वेअर फुटाचा ढोबळ हिशेब: १२० पर्यंत एक टन, १२० ते १८० ला दीड. वर गच्ची असेल, पश्चिमेला मोठी काच असेल किंवा छत दहा फुटांपेक्षा उंच असेल तर एक पायरी वर.

मात्र 'मोठा घेतला की बरं' हेही चूक. कोकणात दमटपणा जास्त. गरजेपेक्षा मोठा, ठरावीक गतीचा एसी पाच-सात मिनिटांत खोली गार करून कॉम्प्रेसर बंद करतो. कॉइलवर पाणी जमून निथळायला वेळच मिळत नाही. खोली गार पण ओलसर राहते, गादीला वास येतो. इन्व्हर्टर प्रकारात गती कमी होत असल्याने हा त्रास कमी, तरी पुरता जात नाही.

टनाटन

म्हणजे लग्नात आइस्क्रीमवाल्याने आणलेला एक टन बर्फ मांडवाला एक टनाचाच एसी!

गारवा

@टनाटन, २४ तासांत वितळला तर, हो. मांडवात सहा तासांत वितळला तर चार टनाचा. थंडी तेवढीच, वेग चौपट. टन हे इथे वेगाचं माप आहे, साठ्याचं नाही, हे तुमच्या उदाहरणातून फार छान दिसतं.

जपानी यंत्रांच्या जुन्या कागदांवर टन दिसला तर सावध. त्यांनी मेट्रिक टन बर्फ धरला, त्यामुळे त्यांचा टन ३.८६ किलोवॅटचा. जवळपास दहा टक्के मोठा. शीतगृहाची जुनी यंत्रणा बदलताना हा फरक खोलीगणिक साठत जातो.

जुनी_मुंबई

बर्फ खरोखर टनांनी येत होता. १८३३ मध्ये बोस्टनहून फ्रेडरिक ट्यूडरचं जहाज तळ्यातला नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं. निघताना १८० टन, चार महिन्यांच्या प्रवासानंतर पोचला तो सुमारे १०० टन, भुशात आणि गवतात गुंडाळलेला. मुंबईतही असा बर्फ साठवायला आइस हाऊस बांधलेलं होतं. गिऱ्हाईक थंडी टनात मोजत होतं ती अशी.

डोलकाठी

आता जहाज. या धाग्यातली सगळ्यात अवघड गाठ हीच. जहाजाच्या बातमीत 'टन' आला की तो चारपैकी एक असतो.

डिस्प्लेसमेंट: जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच जहाजाचं एकूण वजन. युद्धनौकांसाठी हाच वापरतात. विमानवाहू 'विक्रांत' सुमारे ४५,००० टनांची म्हणतात ती या अर्थाने.

डेडवेट: जहाज किती ओझं वाहू शकतं ते. माल, इंधन, पाणी, रसद, माणसं सगळं धरून. मालवाहू आणि तेलवाहू जहाजांसाठी हा.

ग्रॉस टनेज: हे वजनच नाही. जहाजाच्या बंदिस्त जागेचं आकारमान. प्रवासी जहाजांसाठी हेच देतात.

नेट टनेज: त्यातली कमाईची जागा. बंदराचे बरेच कर यावर किंवा ग्रॉसवर बसतात.

'टायटॅनिक' ४६,३२८ टनांची होती असं सगळीकडे छापतात आणि मराठीत हमखास 'वजनाची' हा शब्द वाढवतात. तो ग्रॉस रजिस्टर टनाचा आकडा आहे, आणि एक रजिस्टर टन म्हणजे १०० घनफूट जागा. तिचं खरं वजन, म्हणजे डिस्प्लेसमेंट, ५२,००० टनांच्या वर होतं.

वाळूचे_कण

थांबा, १०० घनफूट? म्हणजे आपला ब्रास!

डोलकाठी

अगदी बरोबर. १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. वाळूचा ब्रास आणि जहाजाचा रजिस्टर टन, दोन्ही तितकेच. इथून पुढे कुणाला समजवायचं असेल तर 'टायटॅनिक म्हणजे ४६,००० ब्रास जागा' म्हणावं. बांधकामावरच्या माणसाला क्षणात कळेल.

ब्रिटनमध्ये १८५४ च्या कायद्याने मूरसम यांची ही मोजणीपद्धत आली. पुढे १९६९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने सूत्र बदललं आणि १९८२ पासून ते लागू झालं. आता बंदिस्त आकारमान घनमीटरमध्ये घेऊन त्याला ०.२ + ०.०२ × लॉग व्ही या गुणकाने गुणतात, व्ही म्हणजे तेच आकारमान. १०,००० घनमीटरचा लॉग ४, गुणक ०.२८, म्हणून ग्रॉस टनेज २,८००. या आकड्याला एककच नाही. म्हणून आजच्या जहाजाबद्दल '२,८०० टन' न लिहिता 'ग्रॉस टनेज २,८००' लिहायचं. 'टनभार' हा शब्द मात्र मला इथे दिशाभूल करणारा वाटतो. भार म्हटलं की वजनच डोळ्यांसमोर येतं.

खंडीभर

वजनाचा शब्द जागेला का लागला? कारण तो मुळात जागेचाच होता. जुन्या इंग्रजीत 'टन' म्हणजे दारूचं मोठं लाकडी पिंप. त्याचं स्पेलिंग टी-यू-एन. एका पिंपात २५२ वाइन गॅलन, आजच्या मापात ९५० लिटरच्या आसपास. जहाज केवढं, तर त्यात किती पिंपं मावतात तेवढं. राजाचा करही पिंपामागे. भरलेल्या पिंपाचं वजन दोन हजार पौंडांच्या थोडं वर जातं, म्हणून तोच शब्द वजनालाही चिकटला. पुढे पिंप यूने आणि वजन ओने लिहायची रीत पडली.

गंमत म्हणजे अर्ध्या टनाच्या पिंपाला इंग्रजीत 'पाइप' म्हणत, १२६ गॅलनचं. त्याचाच पोर्तुगीज भाऊ 'पिपा', आणि त्यावरून आपलं 'पिंप'. म्हणजे दोन पिंपांचा एक टन, असं अस्सल मराठीत म्हणता येतं.

आता आपली मापं. मुंबईचा मण २८ पौंडांचा, २० मणांची खंडी, म्हणजे ५६० पौंड. चार खंड्यांचा बरोबर एक लाँग टन, २,२४० पौंड. कापसाची खंडी मात्र २८ मणांची, ७८४ पौंड, म्हणजे ३५५.६ किलो. तीच कापूस बाजारात आजही चालते. रुईचा भाव खंडीवरच निघतो. आणि 'टनावारी काम पडलंय' या इंग्रजी बोलण्याला आपल्याकडे 'खंडीभर कामं पडलीत' हे तयार आहे. तिथे टन लिहायची गरजच नाही.

काटेकोर

खंडीभर, चार खंड्यांचा टन ही बेरीज फारच नेटकी. जुन्या अंकगणिताच्या कोष्टकांत बंगाली मण असे, ८२ पौंड आणि वर २/७. त्याने टन सव्वासत्तावीस मणांचा होतो आणि काहीच जुळत नाही.

भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधीच्या गॅझेटियरमधला 'टन' लाँग समजावा.

ऊसतोड

आमच्याकडचा टन १,००० किलोचाच, पण भाव क्विंटलवर जाहीर होतो आणि बोलणं टनावर चालतं. २०२४-२५ ची एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान भाव) क्विंटलला ३४० रुपये, म्हणजे टनाला ३,४००, ती १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला). पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.३२ रुपये. उतारा ११.२५ असेल तर क्विंटलला ३७३.२०, टनाला ३,७३२. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. 'टनाला अमुक भाव' ही बातमी वाचताना तो तोडणी-वाहतूक धरून आहे की वजा जाता, हे लिहिलेलं नसेल तर बातमी अर्धवट आहे.

काट्याबद्दल काटेकोर यांनी लिहावं. टनाचा खरा अर्थ तिथे ठरतो.

काटेकोर

नक्की. टनाचा आकडा हा नेहमी दोन वजनांची वजाबाकी असतो: भरलेली गाडी वजा रिकामी गाडी. चूक दोन्हीकडून शिरते.

गाडी चढण्याआधी पडद्यावर शून्य दिसलं पाहिजे. २० किलो दिसत असेल तर तिथेच थांबवा. प्लॅटफॉर्म आणि चौकट यांच्या फटीत चिखल, पाचट, खडी अडकली की प्लॅटफॉर्म टेकून राहतो आणि वजन कमी दिसतं. ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि तिच्यासाठी कुणी लबाड असावंच लागतं असं नाही. पावसाळ्यात लोडसेलच्या (प्लॅटफॉर्मखालच्या वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) जोडपेटीत पाणी गेलं की आकडा स्थिर राहत नाही, वरखाली होत राहतो. सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर हवीत. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतील आणि काटा आखूड असेल तर एकेक सोडवून तोलावी. जोडलेल्या अवस्थेत हूक ओढ देतो.

रिकामं वजन त्याच काट्यावर, त्याच दिवशी घ्या. सकाळी टाकी भरलेली आणि संध्याकाळी रिकामी असेल तर १०० लिटर डिझेलचे ८३ किलो हललेले असतात. चालक एकदा बसलेला आणि एकदा उतरलेला असेल तर आणखी सत्तर किलो. काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी व्हायला हवी, प्रमाणपत्र काट्यावर लावलेलं असतं. ते मागण्यात संकोच नको.

वाळूचे_कण

वाळूत ब्रास की टन, यावर भांडणं होतात, म्हणून थोडं सविस्तर. हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजा, गुणा, १०० ने भागा. १० × ७ × ३ = २१० घनफूट, म्हणजे २.१ ब्रास. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १.६ टन धरली तर २.१ × २.८३ × १.६ = ९.५ टन.

पण वाळू ओली असली की दोन्ही मापं फसवतात. चार-सहा टक्के ओलीत प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि बारीक वाळू २० ते ३० टक्के फुगते. ब्रासने घेतली तर हवा विकत घेतली. टनाने घेतली तर पाणी विकत घेतलं, पण ते चार-सहा टक्केच. म्हणून ओली वाळू टनाने घेणं कमी नुकसानीचं.

फुगवटा साइटवर पाच मिनिटांत मोजता येतो. सरळ कडांच्या भांड्यात २०० मिमी उंचीपर्यंत वाळू न दाबता सैल भरा. पट्टीने उंची बघा. आता वाळू बुडेपर्यंत पाणी ओता आणि सळईने ढवळा. पापुद्रे मोडतात आणि वाळू खाली बसते. १६० वर आली तर ४० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के फुगवटा. ब्रासच्या भावात कपात मागा ती ४० भागिले २००, म्हणजे २० टक्के. काँक्रीटमध्ये पेटीने वाळू मोजत असाल तर तिथे फुगवट्याएवढी वाळू जास्त घ्या, नाहीतर मिश्रणात वाळू कमी पडते.

मांडवीकाठ

गोव्याच्या खनिजातही हीच ओल. लोहखनिजाच्या कागदांवर दोन टन असतात: ओला मेट्रिक टन आणि कोरडा मेट्रिक टन. ५०,००० ओले टन जहाजात चढले आणि ओल ८ टक्के निघाली तर कोरडे टन ४६,०००. पैसे कोरड्याचे, भाडं मात्र ओल्याचं, कारण पाणीही जहाजालाच वाहावं लागतं.

जहाजातला माल काट्यावर चढत नाही. तो जहाज किती बुडलं यावरून काढतात. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंनी अशी सहा ठिकाणची खुणांची पातळी वाचायची. बादलीने जहाजाशेजारचं पाणी काढून हायड्रोमीटरने घनता बघायची. मांडवी-झुआरीच्या मुखाशी पावसाळ्यानंतर पाणी गोडसर असतं आणि गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं. घनता १.०२५ गृहीत धरून चाललात तर माल आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. मग जहाजाचं स्वतःचं वजन, इंधन, बॅलास्टचं (तोल सांभाळायला भरलेलं) पाणी वजा. इतकं करूनही अर्ध्या टक्क्याची चूक सर्वमान्य आहे. ५०,००० टनांत अर्धा टक्का म्हणजे २५० टन. शेवटच्या टनापर्यंत छापलेला आकडा दिसला की हे लक्षात ठेवावं.

साचेवाला

प्रेसचा टन राहिला. तो बलाचा. एक टन बल म्हणजे ९.८१ किलोन्यूटन.

२ मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलमधून ५० मिमी व्यासाची चकती काढायची आहे. घेर १५७ मिमी × जाडी २ मिमी × कातरबल ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी = सुमारे १,१०,००० न्यूटन, म्हणजे ११.२ टन. पंचाची धार बोथट झाली की बल वाढतं, म्हणून वर २५-३० टक्के धरून १५ टनाचा प्रेस घ्यायचा. पण मेकॅनिकल पॉवर प्रेसचा १५ टन हा स्ट्रोकच्या तळाशी, शेवटच्या काही मिलिमीटरांतच मिळतो. डाय उंच बांधली आणि कट स्ट्रोकच्या मधेच लागला तर तेच मशीन अडकतं किंवा क्रँक वाकतो. हायड्रॉलिकला पूर्ण स्ट्रोकभर तेच बल मिळतं.

इंजेक्शन मोल्डिंगचा टन म्हणजे साचा दाबून धरण्याचं बल. वस्तूचं समोरून दिसणारं क्षेत्र २०० चौरस सेंमी असेल आणि प्लास्टिकला चौरस सेंमीला ०.४ टन लागत असेल तर ८० टन. कमी पडलं की साचा किंचित उघडतो आणि कडेला फ्लॅश, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, येतो.

सळई_१२मिमी

सळईच्या टनातला एक हिशेब सगळ्यांनी पाठ करावा. मीटरचं वजन = व्यासाचा वर्ग भागिले १६२. १२ मिमी: १४४/१६२ = ०.८८९ किलो. १२ मीटरची सळई १०.६७ किलो. टनात ९४ नग. या मापाला मानकात ५ टक्के कमी-जास्त मान्य आहे. टनात ९९ पेक्षा जास्त नग निघाले तर सळई मर्यादेपेक्षा हलकी आहे. वजन पुरेपूर मिळालं म्हणून समाधान मानू नका, आराखड्यात इंजिनिअरने नग मोजलेले असतात, टन नाही.

चंद्रपूरचं_ऊन

आणि क्रेन? चौदा टनी क्रेन चौदा टन उचलते ना?

साचेवाला

फक्त बूम (क्रेनचा लांब होणारा हात) सगळ्यात आखूड आणि भार अगदी जवळ असताना. बूम लांबवला की क्षमता झपाट्याने घसरते. केबिनमधल्या लोड चार्टवर अंतर बघून आकडा वाचायचा, आणि त्यातून हूक व स्लिंगचं वजन वजा करायचं. क्रेनच्या नावातला टन हा कमाल आकडा आहे, रोजचा नव्हे.

डोलकाठी

एक राहिलाच: मालभाड्याचा टन. समुद्रमार्गे सुटा माल पाठवताना एक घनमीटर किंवा १,००० किलो, यांतलं जे जास्त भरेल तो टन. ३ घनमीटरचं, ८०० किलो वजनाचं फर्निचर असेल तर भाडं ३ टनांचं लागतं. कोटेशनवर टन दिसला की विचारा: वजनाचा की मापाचा?

हडसनकाठ

स्फोटाचाही टन आहे. एक टन टीएनटी म्हणजे ४.१८४ गिगाज्यूल ऊर्जा. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता, तर त्याचं स्वतःचं वजन ४.४ टन. एकाच परिच्छेदात दोन्ही आकडे येतात तेव्हा भाषांतरात 'क्षमता' आणि 'वजन' हे शब्द गाळू नयेत. क्रिकेटचा टन, म्हणजे शतक, शब्दवेडा यांना ठाऊक असणारच.

शब्दवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. देवनागरीत स्पेलिंगची खूण पुसली जाते हे दुखणं खरं आहे, पण आता उपाय दिसतो: टन एकटा सोडायचा नाही. 'कशाचा' हे त्याच्या शेजारी लिहायचं. माझी तीन वाक्यं अशी केली:

१. वीजकेंद्राला रोज ४५३.५९ मेट्रिक टन कोळसा लागतो.
२. दुकानाच्या छतावर ५ टन शीतनक्षमतेचं वातानुकूलन युनिट बसवलं.
३. ४६,००० ग्रॉस टनेजचं जहाज धक्क्याला लागलं.

तिसऱ्यासाठी मूळ मजकूर पुन्हा पाहिला. प्रवासी जहाज आहे, म्हणून ग्रॉस.

काटेकोर

दुसरं आणि तिसरं उत्तम. पहिल्यातले दशांश काढा. मुळात ५०० हा गोल आकडा आहे, कुणी काट्यावर तोललेला नाही. ४५३.५९ लिहिलं की वाचकाला वाटतं तो दहा किलोपर्यंत मोजलाय. 'सुमारे ४५० मेट्रिक टन' लिहा.

शब्दवेडा

बदललं. 'सुमारे ४५० मेट्रिक टन.'